गायधनींच्या घरचं मत

निवडणुकीच्या दिवशी तरी प्रतापदादा जेवायला येणार नाही अशी प्रेमाला अर्धी आशा होती आणि अर्धी भीती. साडेबाराला खाली त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि दोन्हींचा निकाल लागला. शुक्रवारचं जेवण मेढेकरांकडे, ही पद्धत दहा वर्षांची होती. लक्ष्मीकांत नाशिकहून कुवेतला आला, त्या त्र्याहत्तर सालच्या पहिल्याच शुक्रवारी ती पडली. मग कोणाचं ऑपरेशन असो की दिवसभर वाळूचं वादळ असो, तिने कशालाच दाद दिली नाही. आज फरक एवढाच होता की ताटाला ताट लावून बसणारे दोघे, प्रेमाचा नवरा लक्ष्मीकांत मेढेकर आणि प्रेमाचा सख्खा भाऊ प्रताप, दुपारी चार वाजता मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहणार होते.

"श्रीखंड केलंयस ना?" दारातूनच प्रतापने विचारलं.

"केलंय. चक्क्याऐवजी लबन्याचं."

"मग लढाई जेवणानंतर," म्हणत तो आत आला. त्याच्या मागून शीलावहिनी नेहमीसारखी शांतपणे चपला जागेवर ठेवून थेट स्वयंपाकघरात शिरली.

मंडळात अशी निवडणूक कधी झालीच नव्हती. बहात्तर साली मंडळ निघालं तेव्हापासून वार्षिक सभेत चिटणीस प्रभाकर वझे विचारायचा, "सर्वांना मान्य?" ज्या घरातून जो आला असेल तो हात वर करायचा, आणि मग सगळे बटाटेवड्यांकडे वळायचे. लक्ष्मीकांत असाच सलग चार वर्षं अध्यक्ष झाला होता. त्याचा स्वभावच मधला. रिफायनरीत तो इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता, म्हणजे प्रेशर फार वर जाऊ द्यायचं नाही आणि फार खालीही येऊ द्यायचं नाही, याचाच पगार घेणारा माणूस. मंडळही त्याने तसंच चालवलं. नाटकवाल्यांना नाटक दिलं, कीर्तनवाल्यांना कीर्तनाच्या कॅसेटी दिल्या, आणि दोघांनाही वाटत राहिलं की हा आपलाच.

गेल्या गणपतीत मात्र घोडं अडलं. हॉस्टेलवर राहणाऱ्या चौदा मराठी नर्सेसनी सभासदत्वासाठी अर्ज केला. घटनेप्रमाणे सभासद म्हणजे कुटुंब, घरटी एक मत, आणि या चौदाजणींची कुटुंबं होती सांगली, मिरज, लातूरला. अर्ज लिहिला होता त्यांच्यातल्याच एकीने, लक्ष्मीकांतच्या धाकट्या बहिणीने, लताने, म्हणजे फेटाळायची सोय नव्हती. लक्ष्मीकांतने मधली वाट काढली. सभासदत्व दिलं, मत दिलं नाही. झालं! जुनी मंडळी म्हणाली, उद्या कोणीही एकटीदुकटी येऊन बसेल, मंडळ कुटुंबांचं राहणार नाही. त्यात मिरजेच्या सुरैयाने गणपतीच्या नाटकात काम केलं, तेही सासूचं आणि इतकं झकास, की दोन-तीन सासवा दुखावल्या. इकडे लता म्हणाली, "मतच नाही तर आम्ही सभासद कसल्या?" ती महिनाभर भावाशी बोलली नाही. जुन्यांनी मग आपला माणूस उभा केला, प्रताप गायधनी. अर्दियातल्या मोठ्या गोदामाचा मॅनेजर, दणदणीत आवाजाचा आणि दिलदार. ज्याने खटपट करून लक्ष्मीकांतला इथे नोकरी मिळवून दिली, तोच.

प्रेमाला नवरा पडणार हे स्पष्ट दिसत होतं. प्रभाकरने काल हळूच सांगितलं होतं: एकसष्ट घरं, त्यातली छत्तीस प्रतापची. नवरा पडला तर चार दिवस गप्प राहील आणि भाऊ पडला तर वर्षभर बोलत राहील, एवढाच हिशेब तिने मनाशी मांडला होता, आणि दोन्ही तिला नको होतं. तिला पुढच्या शुक्रवारीही सहा ताटं मांडायची होती.

सगळे बसले, हॉस्टेलवरून आलेली लताही. मसालेभाताचा पहिला घास झाला आणि बेल वाजली. दारात प्रभाकर, काखेत फाइल.

"जेवणाच्या वेळी येतोय, माफ करा. पण मतदारयादीवर दोन्ही उमेदवारांच्या सह्या लागतात. घटनेत आहे. आजवर कधी वेळच आली नाही."

"ये रे, बस. ताट वाढते," प्रेमा म्हणाली.

प्रतापने डाव्या हाताने चष्मा चढवला आणि यादी ओढून घेतली. "गोदामातला माल मी मोजल्याशिवाय सही करत नाही," असं म्हणत तो एकेक नाव पुटपुटत वाचू लागला. सातव्या नावावर थांबला, हसला आणि म्हणाला, "प्रभाकर, लेका, उन्हाने डोकं फिरलं का तुझं? सात नंबर. शीला प्रताप गायधनी?"

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? मी काय मेलो?"

"अहो, शुभ बोला," शीला म्हणाली.

प्रभाकरने घसा साफ केला. "मंडळ निघालं तेव्हा हॉलच्या परवानगीसाठी सगळ्यांचे इकामे मागितले होते, आठवतं? ज्याच्या इकाम्यावर बाकी घराला राहायचा परवाना, त्याचं नाव फॉर्मवर घातलं. नंतर आलेल्यांचंही तसंच. तेव्हा तुमचं घर वहिनींच्या इकाम्यावर होतं. पुढे लोकांचे इकामे बदलले, पण फॉर्म कोणी बदललाच नाही. हात वर करायला फॉर्म कशाला लागतो? आता चिठ्ठीवर मतदान, म्हणून काल मी फॉर्म काढले. एकसष्टांत एकोणीस नावं बायकांची निघाली. बहुतेक सगळ्या नर्सेस, दोन लॅबवाल्या."

प्रेमाची पंधरा वर्षांची लीना पुढे झुकून यादी बघत होती. "वेट, म्हणजे मामी केम फर्स्ट? मामा, यू ऑलवेज सेड की तुम्ही आलात आणि मग–"

"आम्ही आलो, असं म्हणतो मी," प्रताप म्हणाला आणि एकदम ताटात बघू लागला.

लताला हसू आलं होतं, पण शीलावहिनीचा चेहरा बघून तिने ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"दुरुस्त कर," प्रताप म्हणाला. "नवऱ्यांची नावं घाल."

"दोन्ही उमेदवारांची संमती असेल तर आत्ता इथेच बदलतो. नसेल तर यादी आहे तशी."

प्रताप उठला, हात धुतले आणि लक्ष्मीकांतला म्हणाला, "कांतराव, जरा बाल्कनीत या."

बाल्कनीत ऊन होतं, पण मार्चमधलं, सोसवेल असं. खाली सबाह अल-सालेमच्या रुंद रस्त्यावरून नमाज आटोपून माणसं घरी परतत होती. प्रतापने सिगारेट काढली, पेटवली नाही. त्याच्या डोक्यात आकडे फिरत होते. त्या एकोणीस घरांपैकी तेरा त्याने स्वतःच्या खिशात धरली होती. तेराही घरांच्या नवऱ्यांशी तो बोलला होता, चहा प्यायला होता, पाठीवर थाप मारून आला होता. चहा आणून ठेवणाऱ्या बाईशी तो एकदाही बोलला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे, चार वाजता भर सभेत प्रभाकर मोठ्याने नाव पुकारणार होता.

"स्पष्ट बोलतो," तो म्हणाला. "मला तुमच्याविरुद्ध उभं राहायची हौस नव्हती. प्रेमाच्या तोंडाकडे बघवत नाही मला. यादी बदलून घ्या आणि नर्सेसना पूर्वीसारख्या पाहुण्या म्हणून येऊ द्या. मान आहे, प्रसाद आहे, सगळं आहे. सभासदत्व तेवढं नको. एवढं करा, मी अर्ज मागे घेतो. तुम्ही बिनविरोध अध्यक्ष."

"तुमची माणसं ऐकतील?"

"माझी माणसं माझ्या शब्दाबाहेर नाहीत. तुम्ही पडणार आहात, कांतराव. तुम्हाला माहीत आहे. मी तुम्हाला निवडून आणतोय."

लक्ष्मीकांतला ते माहीत होतं. अध्यक्षपद त्याला आवडायचं, फार आवडायचं, हे त्याने स्वतःशीही कधी मोठ्याने कबूल केलं नव्हतं. रिफायनरीत त्याच्यावर चार साहेब होते. मंडळात मात्र तो उभा राहिला की हॉल शांत व्हायचा. नव्याने आलेलं जोडपं भांबावून दारात थांबलं की तोच पुढे होऊन त्यांना आत आणायचा. हे सगळं एका "हो"वर टिकणार होतं, आणि मधली वाट म्हणावी तर हीच होती.

"आत जाऊन बोलू," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

त्याने टेबलाशी बसून प्रतापचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. प्रेमाने डोळे मिटून श्वास सोडला.

"घ्या ना मग," ती म्हणाली. "देवच पावला. दादा मागे हटतोय, तुम्ही राहताय, भांडण मिटतंय. अजून काय हवं?"

"आम्ही हव्या आहोत, वहिनी," लता म्हणाली. "बारा-बारा तास ड्युटी करून हॉस्टेलवर जातो आम्ही. आठवड्यातून एकदा मराठी ऐकायला मिळावं म्हणून दोन बस बदलून मंडळात येतो. पाहुण्या? सहा वर्षं झाली मला इथे. सहा वर्षांची पाहुणी कोणाच्या घरी असते का?"

"लता, तू आमच्या घरची आहेस. तुझा प्रश्नच नाही," प्रताप म्हणाला.

"म्हणजे अण्णाची बहीण म्हणून मी चालते," ती लक्ष्मीकांतकडे बघत म्हणाली. "सुरैया कोणाची बहीण?"

प्रेमाला नणंदेचा राग आला आणि ती खरं बोलतेय याचाही आला. ती उठून उगाचच श्रीखंडाचं भांडं आणायला गेली. स्वयंपाकघरात शीला ओट्याला टेकून उभी होती. ती पाणी आणायला आली होती आणि परत गेलीच नव्हती.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा दादाला."

"काय सांगू?"

काय सांगायचं हे प्रेमाचंही ठरलेलं नव्हतं.

शीलाला एकोणसत्तर सालचा विमानतळ आठवत होता. तेवीस वर्षांची ती एकटी, साडीवर स्वेटर आणि हातात नर्सच्या नेमणुकीचं पत्र. वर्षभराने तिने प्रतापला बोलावलं. पहिलं वर्षभर त्याला नोकरी नव्हती. ती नाइट करून आली की तो गरम पिठलं-भात करून ठेवायचा. आपल्याला इथे कोणी ओळखत नाही, असं एकदा म्हणाला होता, आणि बोलता बोलता रडला होता. ते दिवस तिच्या लेखी त्यांच्या संसारातले सगळ्यांत चांगले होते. त्याला मात्र ते लपवावेसे वाटले. "आम्ही सत्तर साली आलो," असं तो लोकांना सांगायचा आणि ती शेजारी उभी राहून मान हलवायची. मान हलवायची तिला सवयच झाली होती.

ती बाहेर आली. खुर्चीवर बसली नाही.

"प्रभाकरभाऊजी, माझं नाव बदलायचं असेल तर मला विचारावं लागेल की नाही?"

प्रभाकर गडबडला. "घटनेत उमेदवारांचं लिहिलंय, वहिनी. मतदाराचं काही लिहिलेलं नाही."

"मग मीच सांगते. मला बदलायचं नाही." ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. वॉर्डात पेशंटशी बोलावं तसा तो होता. "अहो, मी तुमची लाज काढत नाहीये. तुम्ही माझ्या इकाम्यावर आलात यात लाज कसली, हे मला तेरा वर्षं कळलेलं नाही. मी तुम्हाला अभिमानाने आणलं होतं. सगळ्या हॉस्टेलला दाखवला होता तुमचा फोटो."

प्रतापच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लीना डोळे मोठे करून मामीकडे बघत होती. मामीला एवढी वाक्यं सलग बोलताना तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"माझं मत तुम्हालाच आहे," शीला म्हणाली. "पण चिठ्ठी मी टाकणार."

लक्ष्मीकांतने यादी स्वतःकडे ओढली. खिशातून पेन काढलं आणि तळाशी सही केली. मग म्हणाला, "यादी आहे तशी राहील. अर्ज मागे घेऊ नका, प्रतापराव. पडलो तर पडलो."

"अहो!" प्रेमा म्हणाली.

"नाही, प्रेमा. सहा महिने माझी झोप उडालीय. चुकलं कुठे ते कळत नव्हतं, आत्ता कळलं. या पोरींना मी घरात बोलावलं आणि दारातच उभं केलं. धड हो म्हटलं नाही, धड नाही म्हटलं नाही. प्रभाकर, मतदानाआधी मला दोन मिनिटं दे. निवडून आलो तर नर्सेसच्या मताचा ठराव पहिल्याच सभेत मांडणार, हे मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"मतदानाआधी?" प्रभाकरने कपाळाला हात लावला. "मेढेकर, आहेत ती पंचवीसही जातील! निवडून ये आणि मग सांग."

"निवडून आल्यावर सांगितलं तर ती फसवणूक होईल."

लताने भावाचं ताट पुढे ओढलं आणि त्याला दोन चमचे श्रीखंड वाढलं. लक्ष्मीकांतला गोड फारसं आवडत नाही हे तिला माहीत होतं, आणि त्याने ते सगळं संपवलं.

आता उरली प्रतापची सही. ती नसती तर मतदानच झालं नसतं. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो बायकोकडे. मग त्याने हात पुढे केला. "पेन दे रे," प्रभाकरला म्हणाला, आणि सात नंबरच्या नावावरून बोट फिरवून खाली सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

राई भागातल्या एका पंख्यांच्या शोरूमवरचा हॉल मंडळाला शुक्रवारी मिळायचा. दुधाच्या पावडरीच्या मोठ्या डब्याला फट पाडून मतपेटी केली होती. लक्ष्मीकांत दोन मिनिटं बोलला. मागच्या रांगेत मत नसलेल्या चौदाजणी बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगांत कुजबूज झाली आणि दोन गृहस्थ मोठ्याने "बघा, बघा" म्हणाले. प्रेमाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता नवरा नक्की पडला हे तिला कळत होतं आणि तरीही त्याचा इतका अभिमान तिला लग्नानंतर प्रथमच वाटत होता.

प्रभाकर नावं पुकारू लागला. पहिल्या बाईचं नाव आलं तेव्हा तिचा नवरा सवयीने उठला, दोन पावलं चालला आणि परत फिरला. हॉलमध्ये हशा पिकला. दुसरा उठलाच नाही. तिसऱ्याने हरकत घ्यायला तोंड उघडलं, आणि ज्याच्यासाठी घ्यायची तो प्रताप गायधनी पहिल्या रांगेत गप्प बसलेला पाहून मिटलं.

"शीला प्रताप गायधनी."

प्रतापने दोन्ही पाय बाजूला घेतले आणि तिला जायला वाट करून दिली. ती निघाली तेव्हा शेजारच्याला तो म्हणाला, "सत्तर साली हिनेच बोलावलं मला इथे." शेजाऱ्याने विचारलं नव्हतं. आवाज दणदणीत होता, त्यामुळे चार रांगांना ऐकू गेलं.

अठ्ठावन्न चिठ्ठ्या निघाल्या. प्रभाकरने दोनदा मोजल्या आणि मग लीनालाही मोजायला लावल्या. प्रताप सत्तावीस, लक्ष्मीकांत एकतीस. क्षणभर कोणाचाच विश्वास बसेना, आणि मग मागच्या रांगेतून सुरैयाने अशी शिट्टी मारली की प्रभाकर दचकला. प्रेमा रडत होती आणि कोणासाठी रडतेय हे तिला सांगता आलं नसतं. ती आधी भावाजवळ गेली. प्रतापने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडतेस काय वेडे? पुढच्या शुक्रवारी येतोच आहे मी जेवायला."

मग तो लक्ष्मीकांतसमोर उभा राहिला. हात मिळवला, आणि मिळवलेला हात सोडला नाही.

"अभिनंदन. तुमच्या ठरावाला माझा विरोध आहे, आणि तो राहणार. सभेत बोलणार मी."

"बोला. बोलायलाच सभा असते."

"आणि पुढच्या वर्षी परत उभा राहणार. या वेळी चुकलं ते प्रचारात चुकलं. भलत्याच लोकांबरोबर चहा पीत बसलो." तो लताकडे वळला. "ठराव पास झालाच, तर पहिला प्रचार तुमच्या हॉस्टेलवर. चौदा मतं म्हणजे काय थट्टा आहे?"

लता मनमोकळं हसली. "आमच्या हॉस्टेलात पुरुषांना सोडत नाहीत, प्रतापदादा. फाटकावर महबूबचाचा बसलेले असतात. प्रचाराला शीलावहिनींनाच पाठवावं लागेल."

प्रतापने बायकोकडे पाहिलं. शीला रिकाम्या डब्यातून खाली राहिलेला कागदाचा कपटा काढत होती.

"जाशील ना?" त्याने विचारलं.

"जाईन की," शीला म्हणाली. "पण आज तुम्हाला न मागता मत दिलं मी. पुढच्या वर्षी आधी मला पटवावं लागेल."

आणि तिने डब्याचं झाकण लावलं.